वॉल्टच्या स्वप्नातलं काय टिकलं? ग्रिफिथ पार्क ते एपकॉट

वॉल्ट डिस्नीचं स्वप्न त्याची कंपनी अजून पाळते का, यावर वाद घालणारे बहुतेक जण दोन स्वप्नांची गल्लत करतात. पहिलं कॅलिफोर्नियातलं, डिस्नीलँड: आईवडील आणि मुलं एकाच राइडमध्ये शेजारी बसतील अशी स्वच्छ बाग, जिथून बाहेरचं जग दिसू नये. दुसरं फ्लोरिडातलं, एपकॉट: २०,००० वस्तीचं, सतत नवे प्रयोग करणारं खरंखुरं शहर. पहिलं त्याने स्वतः उभारलं आणि पुढची ११ वर्षं त्यात फिरून फिरून सुधारलं. दुसरं अजून आराखड्यातच होतं तेव्हा, १५ डिसेंबर १९६६ रोजी, तो गेला. त्यामुळे कंपनीचा हिशोब दोन्ही ठिकाणी वेगळा मांडावा लागतो, आणि त्यासाठी प्रवास कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमकडून फ्लोरिडातल्या ऑरलँडोकडे करावा. उलट दिशेने गेलं की फ्लोरिडाच्या आकाराला सरावलेल्या डोळ्यांना मूळ बाग किरकोळ वाटते.

या प्रवासाचा सात दिवसांचा कार्यक्रम सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारी सुरू होतो. पहिल्या दिवशीचं एक ठिकाण महिन्यातून एकदाच, तिसऱ्या रविवारी उघडतं. जानेवारी-फेब्रुवारीत तो रविवार बहुधा सोमवारच्या सरकारी सुट्टीला चिकटून येतो आणि ॲनाहाइममध्ये तोबा गर्दी होते. सप्टेंबरात अमेरिकन शाळा सुरू झालेल्या असतात. त्याची भरपाई फ्लोरिडात करावी लागते: दमट उकाडा, दुपारची गडगडाटी वादळं आणि चक्रीवादळांचा हंगाम. म्हणून विमान आणि हॉटेल दोन्हींचं आरक्षण बदलता येईल असंच घ्यावं.

पहिला दिवस, रविवार: ग्रिफिथ पार्क

लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात १९२६ सालचा लाकडी घोड्यांचा मेरी-गो-राउंड आहे. वॉल्ट आपल्या दोन मुलींना, डायान आणि शॅरनला, इथे आणायचा. मुली घोड्यांवर आणि बाप बाकावर. मोठ्यांना आणि लहानांना एकत्र काही करता येईल अशी जागा का नाही, हा प्रश्न त्याला याच बाकावर पडल्याचं तो पुढे सांगत असे. मेरी-गो-राउंड दुरुस्तीसाठी बंद असू शकतो, तेव्हा निघण्याआधी चौकशी करावी. घोडे फिरत नसले तरी जागा बघण्यासारखी आहेच.

तिथून गाडीने पार्कच्या उत्तर टोकाला, छोट्या वाफेच्या इंजिनांच्या संग्रहालयात जायचं. वॉल्टच्या घरामागची लाकडी वर्कशॉप १९९९ मध्ये इथे आणून पुन्हा उभी केली आहे. तिसऱ्या रविवारी ११ ते ३ उघडी, प्रवेश मोफत. घराच्या आवारात त्याने १:८ मापाची रेल्वे घातली होती, 'कॅरोलवुड पॅसिफिक', आणि या वर्कशॉपमधून ती चालवायचा. डिस्नीलँडभोवती रेल्वे का फिरते, याचं उत्तर इथे मिळतं. बाग सुचण्याआधीपासून त्याच्या डोक्यात रेल्वे होती.

दुसरा दिवस, सोमवार: डिस्नीलँड

उघडण्याच्या वेळेआधी पाऊण तास सुरक्षा तपासणीच्या रांगेत असावं. आत गेल्यावर सरळ किल्ल्यातून परीकथांचा विभाग, फँटसीलँड, गाठायचं आणि पहिली राइड 'पीटर पॅन' घ्यायची. ती १९५५ सालची, लहान गाड्यांची, एका वेळी मोजकीच माणसं नेणारी. त्यामुळे तिची रांग सकाळी साडेनऊनंतर दिवसभर हलत नाही आणि पैसे भरून वगळताही येत नाही. त्यानंतर 'मॅटरहॉर्न' (बसणाऱ्याची उंची किमान १०७ सेंटीमीटर). हे दोन झाले की घाई संपली. आता परत मेन स्ट्रीटच्या, म्हणजे प्रवेशाजवळच्या रस्त्याच्या, तोंडाशी यावं आणि बाग नीट बघायला सुरुवात करावी.

इथली खरी कारागिरी मातीत आहे. १६० एकर संत्र्यांच्या बागा साफ करून, जुलै १९५४ पासून साधारण एका वर्षात, अंदाजे १.७ कोटी डॉलरमध्ये हे उभं राहिलं, आणि भोवती मातीचा उंच बांध घातला गेला. बांधावर रेल्वे आणि झाडी. आत उभं राहिलं की हमरस्ता, विजेचे खांब, मोटेल यातलं काही दिसत नाही. आत शिरायचं ते रेल्वेखालच्या बोगद्यातून. मेन स्ट्रीटच्या इमारतींचे वरचे मजले मुद्दाम लहान मापात बांधले आहेत, म्हणून त्या उंच भासतात. किल्ला जेमतेम ७७ फूट, पण वर जाताना त्याचे दगड बारीक होत जातात. किल्ल्यासमोरच्या चौकातून सगळे विभाग फुटतात आणि प्रत्येक वाटेच्या टोकाला नजर खेचणारं काहीतरी उभं असतं, त्यामुळे नकाशा न उघडता फिरता येतं.

बांधाचा नियम पाळायला किती कष्ट घेतले, ते 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' मध्ये कळतं. होडी सुरुवातीलाच दोनदा धबधब्यावरून खाली उतरते. लोकांना तो थरार वाटतो. त्यामागचं कारण असं की राइडचा मोठा भाग बांधाबाहेरच्या इमारतीत आहे आणि होडीला रेल्वेखालून जावं लागतं. शेजारच्या 'हाँटेड मॅन्शन' मधली लांबत जाणारी खोली म्हणजे प्रत्यक्षात लिफ्ट आहे. ती माणसांना जमिनीखाली नेते आणि मग भुयारातून बांधापलीकडे. (सप्टेंबरात मॅन्शनची आतली सजावट सणासुदीची असते, मूळ रूप बघायचं तर वसंतात यावं.) 'पायरेट्स' वॉल्टच्या देखरेखीखाली घडलेली शेवटची मोठी राइड, पण ती सुरू झाली १८ मार्च १९६७ ला, त्याच्या मृत्यूनंतर तीन महिन्यांनी. १५ मिनिटांच्या या फेरीत उंचीची अट नाही. आजी, नातू आणि मधली पिढी एकाच बाकावर बसते. त्याचं स्वप्न मोजायचं माप म्हणून हीच राइड घ्यावी.

दुपारी 'टिकी रूम' मध्ये बसावं. १९६३ मध्ये यंत्राने हलणारे-बोलणारे पक्षी पहिल्यांदा इथेच आले. दाराशी मिळणारं अननसाचं थंड 'डोल व्हिप' दुधाशिवाय बनतं. पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. खाण्याच्या कुठल्याही काउंटरवर मागितलं की बर्फाचं पाणी फुकट मिळतं. १७ जुलै १९५५ च्या उद्घाटनाला नळकाम करणाऱ्यांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ पुरेसे नव्हते, बनावट पासांमुळे गर्दी हाताबाहेर गेली होती आणि उन्हाने मऊ झालेल्या डांबरात बायकांच्या टाचा रुतत होत्या.

संध्याकाळी मेन स्ट्रीटवरच्या अग्निशमन केंद्राच्या वरच्या खिडकीकडे बघावं. ती वॉल्टची राहण्याची खोली, आणि तिथला दिवा त्याच्या आठवणीत तेवत ठेवतात.

तिसरा दिवस, मंगळवार: पुन्हा डिस्नीलँड, नवा भाग आणि पैशांचा हिशोब

एक तक्रार वारंवार ऐकू येते: आता सगळं चित्रपटांवरच बेतलेलं. ही तक्रार अर्धीच खरी आहे. 'स्लीपिंग ब्यूटी' चा किल्ला १९५५ मध्ये उभा राहिला आणि तो चित्रपट आला १९५९ मध्ये; चार वर्षं तो किल्ला त्याची जाहिरात करत होता. पहिल्या टुमॉरोलँडमध्ये, म्हणजे भविष्याच्या विभागात, कंपन्यांची दालनं होती. पैसा उभा करायला वॉल्टने एबीसी वाहिनीशी करार केला आणि 'डिस्नीलँड' याच नावाचा कार्यक्रम दिला. धंदा त्याच्या कल्पनेतच होता. पण त्याच बागेत टिकी रूम, स्मॉल वर्ल्ड, पायरेट्स, मॅन्शन अशा कुठल्याही चित्रपटाचा आधार नसलेल्या गोष्टीही घडत होत्या. हा दुसरा झरा आटला आहे. फ्लोरिडात चित्रपटाशी संबंध नसलेली शेवटची मोठी नवी राइड 'एक्सपिडिशन एव्हरेस्ट', २००६ ची.

सकाळी 'गॅलेक्सीज एज' मध्ये जावं. १४ एकरांचा हा स्टार वॉर्सचा विभाग ३१ मे २०१९ ला उघडला. त्याच्यासाठी बागेतली नदी आखूड केली, रेल्वेचा मार्ग बदलला, पण बांधाचा नियम पाळला: आत आल्यावर बाकीचं डिस्नीलँड दिसत नाही. 'राइज ऑफ द रेझिस्टन्स' (१०२ सेंटीमीटर) मध्ये वेगवेगळ्या यंत्रणा एकापाठोपाठ गुंफलेल्या आहेत. एक अडली की मागचं सगळं थांबतं, म्हणून ती वारंवार बंद पडते. सकाळी जावं, म्हणजे बंद पडली तरी दिवस हाताशी राहतो. लहान मूल बरोबर असेल तर प्रवेशाशी 'रायडर स्विच' मागावं: एक पालक बसून येतो, दुसरा मुलाजवळ थांबतो आणि नंतर लांब रांगेशिवाय जातो. सोय चांगली आहे. तरीही आई आत आणि बाबा बाहेर, म्हणजे ग्रिफिथ पार्कचा बाक परत आलाच.

इथे 'ओगाज कँटिना' मध्ये दारू मिळते. वॉल्टने आपल्या बागेत दारू ठेवली नव्हती; १९६७ पासून ती फक्त खासगी 'क्लब ३३' मध्ये होती. सामान्य पाहुण्यांना ती २०१९ पासून मिळू लागली, पुढे इतर रेस्टॉरंटांतही आली. गोंधळ फारसा दिसत नाही, तरी नियम मोडला तो मोडलाच.

आता पैसे. १९५५ मध्ये मोठ्यांचा प्रवेश १ डॉलर, राइडचे पैसे वेगळे. त्याच ऑक्टोबरात ८ राइडचं तिकीटपुस्तक अडीच डॉलरला निघालं. आजच्या भावाने ते ३० डॉलरच्या आसपास जातं. २०२४ च्या दरवाढीनंतर एका दिवसाचं तिकीट तारखेनुसार १०४ ते २०६ डॉलर झालं. महाग दिवशी चौघांच्या नुसत्या प्रवेशाला ८०० डॉलरहून जास्त लागतात. रांग वगळण्याची सोय १९९९ पासून 'फास्टपास' नावाने फुकट होती. २०२१ पासून तिला पैसे पडू लागले. आज तिचं नाव 'लायटनिंग लेन मल्टी पास'; २०२४ च्या अखेरीस ती माणशी ३२ डॉलरपासून पुढे होती. घेतलीच तर रीत अशी: ॲनाहाइममध्ये फाटकातून आत गेल्यावरच आरक्षण सुरू होतं, एका वेळी एकच, ते वापरलं की किंवा साधारण दोन तास उलटले की पुढचं. आरक्षणाच्या वेळी राइड बंद पडली तर तो पास दुसऱ्या राइडवर चालतो, हे अनेकांना माहीत नसतं आणि ते बंद दाराशी ताटकळतात.

ज्या माणसाने बाकावर बसलेल्या बापाचा विचार करून बाग काढली, त्याच्या बागेत आता जास्त पैसे देणारं कुटुंब रांगेत पुढे आणि बाकीचे मागे. मूळ स्वप्नाशी सगळ्यात मोठी फारकत मला इथे दिसते. राइड बदलणं त्याला मान्यच होतं. जगात कल्पनाशक्ती शिल्लक आहे तोवर डिस्नीलँड पूर्ण होणार नाही, असं तोच म्हणाला होता.

दुपारी मेन स्ट्रीटच्या ऑपेरा हाउसमध्ये वॉल्टचा यंत्रपुतळा बोलतो. १७ जुलै २०२५ ला, सत्तराव्या वर्धापनदिनी, तो सुरू झाला. त्याची नात जोआना मिलर हिने या कल्पनेला जाहीर विरोध केला होता. तांत्रिक काम अव्वल आहे. त्याच दालनात ग्रिफिथ पार्कचा एक बाक ठेवला आहे, आणि पुतळ्यापेक्षा त्या बाकाजवळ जास्त वेळ थांबावं. बाहेर पडताना टुमॉरोलँडमध्ये मान वर करून बघा: १९६७ ते १९९५ चाललेल्या पीपलमूव्हरचा, म्हणजे उंचावरून संथ फिरणाऱ्या छोट्या डब्यांच्या गाडीचा, रिकामा मार्ग डोक्यावर तसाच आहे. भविष्याच्या विभागात बंद पडलेली वाहतूक इतकी वर्षं उभी ठेवणं वॉल्टला क्षणभरही चाललं नसतं.

चौथा दिवस, बुधवार: ऑरलँडोकडे

लॉस एंजेलिस ते ऑरलँडो पाच तास, आणि घड्याळ तीन तास पुढे. सकाळचं विमान घेतलं तरी संध्याकाळ होते. शाकाहारी असाल तर ॲनिमल किंगडम लॉजमधलं 'सना' हे रेस्टॉरंट गाठा. तिथे नान आणि चटण्यांचं मोठं ताट मिळतं आणि त्यात दोघांचं जेवण होतं.

पाचवा दिवस, गुरुवार: मॅजिक किंगडम

ॲनाहाइममध्ये १६० एकरांबाहेर मोटेलांची गर्दी झाली आणि वॉल्टला ती थांबवता आली नाही. म्हणून फ्लोरिडात त्याने निनावी कंपन्यांमार्फत २७,००० एकरांहून जास्त जमीन जमवली आणि नोव्हेंबर १९६५ मध्ये योजना जाहीर केली. त्याच्या मृत्यूनंतर थोरला भाऊ रॉय याने निवृत्ती पुढे ढकलून काम तडीस नेलं, जागेला 'वॉल्ट डिस्नी वर्ल्ड' असं भावाचं पूर्ण नाव दिलं, १ ऑक्टोबर १९७१ ला उद्घाटन केलं आणि त्याच डिसेंबरात तोही गेला.

मॅजिक किंगडम ही इथली पहिली बाग. गाडी तिच्या फाटकाजवळ लावताच येत नाही. मोठ्या वाहनतळावरून तळं ओलांडून मोनोरेलने किंवा फेरीबोटीने जायचं. बाहेरचं जग मागे टाकायला बांधाऐवजी इथे पाणी आहे. जाताना बोट, येताना मोनोरेल घ्यावी. मोनोरेल 'कंटेम्पररी' हॉटेलच्या पोटातून जाते. त्या हॉटेलच्या खोल्या यू.एस. स्टीलने वेगळ्या तयार केल्या आणि क्रेनने उचलून सांगाड्यात सरकवल्या. घरबांधणीचा तो प्रयोगच होता.

बागेत तुम्ही चालता तो खरं तर दुसरा मजला. फ्लोरिडात थोडं खणलं की पाणी लागतं, म्हणून सेवामार्ग जमिनीच्या पातळीवर बांधले, त्यांच्यावर तळ्यातून उपसलेली माती टाकली आणि वर बाग रचली. कर्मचारी, माल, वायरी, नळ सगळं खालून. कचरा हवेच्या दाबाने नळ्यांतून ओढला जातो. वॉल्टच्या शहरातही वाहतूक अशीच जमिनीखाली जाणार होती. हे भुयार बघायचं तर 'कीज टू द किंगडम' ही पाचेक तासांची सशुल्क फेरी आधी आरक्षित करावी. वय किमान १६, आणि खाली फोटोला मनाई.

वर टुमॉरोलँडमध्ये १९७५ पासूनचा पीपलमूव्हर अजून चालतो. डब्यात इंजिन नाही. मार्गात बसवलेल्या चुंबकीय मोटरी डबे पुढे ढकलतात. म्हणून आवाज नाही, धूर नाही, बिघाडही कमी. वाटेत तो वॉल्टच्या नियोजित शहराच्या मूळ प्रतिकृतीचा एक तुकडा दाखवत जातो, जेमतेम काही सेकंद. पहिल्या फेरीत तो निसटला तर पुन्हा बसावं. रांग सहसा छोटी असते. शेजारी १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातलं फिरतं नाट्यगृह, 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस', आहे. या दोन राइडमध्ये वॉल्ट जितका भेटतो तितका चौकातल्या पुतळ्यात भेटत नाही.

मात्र त्यांच्याच समोर 'ट्रॉन' ही चित्रपटावर बेतलेली वेगवान राइड, उंचीची अट १२२ सेंटीमीटर. आणि बागेच्या दुसऱ्या बाजूला नदी, वाफेची बोट आणि टॉम सॉयर बेट जुलै २०२५ मध्ये कायमचं बंद झालं. त्या जागी 'कार्स' या चित्रपटाचा विभाग होतो आहे. ॲनाहाइममधल्या मूळ बेटाच्या रचनेत वॉल्टने स्वतः हात घातला होता. तिथे मुलं धावायची आणि थकलेली माणसं झाडाखाली बसायची. त्याची गर्दी कमी, म्हणजे उपयोग कमी, हा हिशोब मला पटत नाही.

सप्टेंबरात काही रात्री हॅलोवीनची वेगळ्या तिकिटाची पार्टी असते आणि साध्या तिकिटाचा दिवस संध्याकाळी ६ ला संपतो. त्या दिवशी दुपारी गर्दी कमी, पण आतषबाजी हुकते. आधी वेळापत्रक बघून ठरवा. दुपारी वीज कडाडली की उघड्यावरच्या राइड थांबतात. पायरेट्स, मॅन्शन आणि कॅरोसेल त्या वेळेसाठी राखून ठेवावेत. इथली पायरेट्स छोटी आहे आणि मॅन्शनच्या खोलीत लिफ्टऐवजी छतच वर जातं, कारण इथल्या मॅन्शनला बांध ओलांडायचा नाही.

सहावा दिवस, शुक्रवार: एपकॉट

२७ ऑक्टोबर १९६६ ला वॉल्टने कॅमेऱ्यासमोर आपलं शहर समजावून सांगितलं: मध्ये ५० एकरांचं छताखालचं, वातानुकूलित केंद्र, तिथून चहूकडे फुटणारे पीपलमूव्हर, बाहेर हिरवा पट्टा, मग घरं. पायी चालणाऱ्याच्या वाटेत मोटार येणार नाही. घरं भाड्याची, मालकी कुणाचीच नाही. १ ऑक्टोबर १९८२ ला उघडलेल्या एपकॉटमध्ये यातलं शहर नाही. पुढे तंत्रज्ञानाची दालनं आणि मागे तळ्याभोवती, आज ११ देशांचे, विभाग. हे कायमचं जागतिक प्रदर्शन झालं, आणि त्याच्या परीने ते उत्तम होतं.

पुढचा भाग सकाळी, देशांचा भाग साधारण ११ ला उघडतो. आधी 'लिव्हिंग विथ द लँड' घ्या. होडी खऱ्या हरितगृहांतून जाते. मातीविना, मुळांवर पोषकद्रव्यांचा फवारा मारून वाढवलेल्या भाज्या, टांगलेले वेल, मत्स्यपालन. इथला माल एपकॉटच्याच स्वयंपाकघरांत जातो. शेतीत रस असेल तर 'बिहाइंड द सीड्स' ही तासाभराची सशुल्क पायी फेरी घ्या आणि प्रश्न विचारा. कर्मचारी मनापासून उत्तरं देतात. प्रयोग करा आणि लोकांना दाखवा, हे वॉल्टचं सूत्र इथे जिवंत आहे.

मग 'स्पेसशिप अर्थ', १८० फूट उंच गोळा आणि त्याच्या आतली राइड. गोळ्यावर पडणारं पावसाचं पाणी पत्र्यांच्या फटींतून आत झिरपतं आणि नळांनी तळ्यात जातं, म्हणून भर पावसातही खाली उभं राहिलं तर कडेने धार लागत नाही. राइड मधेच थांबते, कारण सतत फिरणाऱ्या गाड्यांत कुणाला चढायला वेळ लागला की सगळी साखळी थांबवावी लागते.

बाकीची दालनं एकेक करून गेली. 'होरायझन्स' १९९९ मध्ये बंद झालं. ऊर्जेच्या दालनात २०२२ पासून चित्रपटावरची 'गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी' आहे. नॉर्वेत २०१६ पासून 'फ्रोझन'. 'गार्डियन्स' ची राइड जबरदस्त आहे, पण ऊर्जेबद्दल ती काही सांगत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये वॉल्टचा बसलेला पुतळा इथे बसवला. त्याच सुमारास पुतळ्याभोवतीचा प्रयोगशाळेचा धागा पुरता सुटलेला होता.

संध्याकाळी मागच्या फाटकातून स्कायलायनर घ्या. २०१९ पासूनचे हे दोरावरचे पाळणे हॉटेलं आणि बागा जोडतात. मोटारीविना, धुराविना रोजची वाहतूक होते. विजांमध्ये ते थांबतात, तेव्हा बसचा पर्याय डोक्यात असू द्या.

सातवा दिवस, शनिवार: सेलिब्रेशन

विमानतळाकडे जाण्याआधी दोन तास सेलिब्रेशन गावात घालवा. कंपनीने वसवलेल्या या गावात १९९६ मध्ये पहिली कुटुंबं राहायला आली. चालण्याजोगे रस्ते, ओसरीची घरं, नामवंत वास्तुरचनाकारांनी आखलेलं टपाल कार्यालय आणि टाउन हॉल. गाव देखणं आहे. मात्र मोटारी जमिनीवरच आहेत, घरं विकत घेतलेली आहेत आणि २००४ मध्ये कंपनीने मधली बाजारपेठ विकून टाकली.

डिस्नीच्या जमिनीचा कारभार १९६७ पासून 'रीडी क्रीक' नावाचा स्वतंत्र जिल्हा बघत असे. तिथे मताचा हक्क जमीनमालकाला. सेलिब्रेशनची जमीन त्या जिल्ह्यातून आधी वेगळी काढली गेली, म्हणजे घर घेणाऱ्यांना तिथे मत मिळणार नाही. शहर का उभं राहिलं नाही, याचं एक मोठं कारण या व्यवहारात आहे: कायमचे रहिवासी आले की ते मत मागतात, आणि मत दिलं की जमिनीवरचा एकहाती ताबा सुटतो. रहिवाशांना कारभारात मत असू नये, हे वॉल्टच्या योजनेतही होतं. तो जगला असता तर त्यालाही ही गाठ सोडवावी लागली असती. २०२३ मध्ये फ्लोरिडा सरकारने तो जिल्हाच नव्या मंडळाकडे दिला.